मेथी आडवी झाली तो शुक्रवार

माझं सासवडला ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीक पाहणीचं ॲप चालेना म्हणून फोन घेऊन आलेली माणसं, असा दिवस जातो. काकू आणि काका माझे जुने गिऱ्हाईक. गावापासून आत, कऱ्हेच्या बाजूला त्यांची साडेतीन एकर. त्यात दीड एकर भाजीपाला, बाकी सीताफळ आणि थोडी अंजिरं. रासायनिक खत सोडून त्यांना बरीच वर्षं झाली. गावातल्या आणखी काही घरांबरोबर त्यांचा पीजीएसचा, म्हणजे एकमेकांच्या शेतीला सेंद्रिय म्हणून दाखला देणारा गट आहे. त्यात गटातलेच शेतकरी एकमेकांच्या रानात फिरतात, जीवामृताची टाकी, फवारणीची वही, बांधावरची शेवरी बघतात आणि मग सही करतात. सही करणारा शेजारी, म्हणजे सगळं सांभाळून घेणार, असं शहरातल्या लोकांना वाटतं. गावात राहिलेला माणूस असं म्हणणार नाही. कुणाच्या पाठीवर कुठल्या सकाळी पंप चढला, हे शेजाऱ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

माल मात्र सगळ्यांचा जातो तिथंच जायचा. आडतीवर सेंद्रिय मेथी आणि साधी मेथी एकाच भावात, एकाच ढिगात. २०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, थेट विकायला मुभा मिळाली. पण मुभा मिळाली म्हणून गिऱ्हाईक बांधावर येत नाही. काकूंचा मुलगा हडपसरला नोकरीला. तो सुट्टीला आला की जाताना सोसायटीतल्या चार घरांच्या पिशव्या घेऊन जायचा. चार घरांची साठ झाली, व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला, आणि ‘मला दोन मेथी’, ‘माझी एक कॅन्सल’, ‘मागच्या वेळी गवार कमी भरली’ या माऱ्यात काकूंची वही हरली. मग काकू एक दिवस उतारा न्यायला आल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या कॉम्प्युटरात बसवून दे बाबा हे सगळं.”

मुलाला वेबसाइट हवी होती. फोटो, कार्ट, पेमेंट गेटवे, सगळं. मी नको म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. गेटवेवाले दोन टक्क्यांच्या आसपास कापतात, ते एक झालं. खरी अडचण साठ्याची. तयार ऑनलाइन दुकानात प्रत्येक वस्तूपुढे किती नग शिल्लक ते लिहावं लागतं. साबण विकणारा फळीवरचे साबण मोजून सांगतो. काकूंचा माल रानात उभा असतो, आणि रात्रीतून त्याचं काय होईल ते वरच्याच्या हातात.

म्हणून साधं केलं. मंगळवारी संध्याकाळी गूगल फॉर्म उघडायचा, बुधवारी रात्री बंद करायचा. पैसे यूपीआयवर, आगाऊ. फॉर्मवरून दोन याद्या निघतात. पहिली तोडणीची, म्हणजे मेथी किती जुड्या, गवार किती किलो. ती बायका रानात घेऊन जातात. दुसरी पिशव्यांची, कुठल्या घरात काय. माहिती तीच, फक्त एकदा वाफ्याकडून वाचायची आणि एकदा दाराकडून. भरणीला येणाऱ्या मावशींना अक्षर येत नाही, तेव्हा त्यांनीच युक्ती काढली. प्रत्येक सोसायटीच्या पिशव्यांना वेगळ्या रंगाचा नाडा. टेम्पोवाला आता यादी बघतच नाही, नाड्यावर गाडी खाली करतो.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर नावं जुळवण्यात. ऑर्डर बायकोच्या नावानं, पैसे नवऱ्याच्या खात्यातून, आणि बँकेच्या मेसेजात सासऱ्यांचं आद्याक्षर. प्रत्येक घराला एक क्रमांक दिला आणि पैसे भरताना तो नोटमध्ये लिहा म्हणून सांगितलं. निम्मे लिहितात. बाकीचे तिथं ‘थँक यू’ लिहितात.

तो शुक्रवार श्रावणातला. गुरुवारी रात्री वीज कडाडायला लागली तेव्हाच मला झोप लागेना, कारण मेथी आणि कोथिंबीर पहाटे तोडायची होती आणि पैसे जमा होऊन बसले होते. साडेपाचला काकांचा फोन आला, “ये बरं जरा.”

रानात गेलो तर मेथीचे वाफे आडवे. पडली एवढंच असतं तर उचलून धुतली असती. पण पावसाच्या माऱ्यानं माती उडून पानांच्या खालच्या अंगाला चिकटली होती, आणि ती धुवायची म्हणजे जुडी ओली होणार. ओली जुडी पिशवीत उबते. संध्याकाळी हडपसरला पिशवी उघडेपर्यंत आतली पानं पिवळी, चिकट. काकूंनी एक रोप उपटलं, पान उलटं करून अंगठ्यानं माती पुसली, मला दाखवलं आणि वाफ्यातच टाकून दिलं. कोथिंबिरीकडे त्यांनी बघितलंही नाही.

मुलाशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, मार्केट यार्डातून चांगली मेथी उचला, आज भरा, पुढच्या वेळी आपली देऊ. लोकांना काय कळतंय. त्याचं चुकतंय असं एकदम म्हणता येणार नाही. पैसे घेऊन माल न देणं हेही वाईटच. काका गप्प होते. काकू म्हणाल्या, “त्या कागदावर चार घरांच्या सह्या हायेत. माझ्या एकटीच्या असत्या तर बघितलं असतं.”

कायद्यानं त्यांना तो कागद दाखवायची गरजही नव्हती. सेंद्रिय अन्नाचे २०१७ चे नियम आहेत, त्यांत स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त सेंद्रियचं सरकारी चिन्ह त्याला लावता येत नाही. काकूंचा हिशेब त्या नियमाचा नव्हताच. यार्डातली एक जुडी आपल्या पिशवीत गेली आणि गटातल्या कुणाला कळलं, तर पुढच्या पाहणीला कुणाच्या तोंडाकडे बघायचं, हा होता.

मग रानात जे होतं ते बघत फिरलो. वाटाणा शेंगेत सुखरूप. पुरंदरचा वाटाणा याच दिवसांत निघतो. गवार, दोडका ठीक. बांधाच्या कडेला तांदुळजा, ही एक पालेभाजीच, आपला आपण माजलेला. तो उंच आणि दांड्याचा, त्यामुळे माती वरपर्यंत गेली नव्हती. डोळे उघडलेली सीताफळं पाटीभर होती. ती कडक असतानाच द्यावी लागतात, घरी दोन-तीन दिवसांत मऊ होतात. फॉर्ममध्ये हे लिहूनही लोक त्याच रात्री फोडून बघतात.

रानात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते. तिथं बसून मी शीट उघडली, मेथीच्या ऑर्डरी वेगळ्या काढल्या: ४३ जुड्या, ३१ घरं. मी मेसेज लिहिला, ‘अपरिहार्य कारणास्तव मेथी उपलब्ध होऊ शकत नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, “हे लाईट जाणार असल्याची नोटीस वाटतीय.” आणि फोन घेऊन स्वतःच बोलल्या. पावसानं मेथी झोपवली, माती पानात गेली, ती मी माझ्या नातवाला घालणार नाही तर तुम्हाला कशी देऊ. तुमचे पैसे माझ्याकडं जमा हायेत. तांदुळजा चालत असंल तर सांगा, नाहीतर पुढच्या खेपेला वळते करून घ्या.

तासाभरात बहुतेक घरांची उत्तरं आली. निम्म्यांचा प्रश्न एकच, तांदुळजा म्हणजे काय आणि कसा करायचा. काकूंनी लसूण-मिरचीची फोडणी सांगणारा दुसरा निरोप टाकला, त्यात मागे कुत्रं भुंकतंय. दोघांनी पैसे परत मागितले, तिथल्या तिथं पाठवले. एका गृहस्थांनी लिहिलं, बाजारात वाटेल तेवढी मेथी पडली आहे, तुमचं सेंद्रिय हे न देण्याचं निमित्त आहे, आणि ग्रुप सोडला. मुलगा त्यांना उत्तर लिहीत होता. काकूंनी लिहू दिलं नाही. “त्यांचे किती आलेत?” एवढंच विचारलं.

नवीन यादी छापायची तर सासवडला यावं लागणार. वेळ नव्हता. जुन्याच कागदावर लाल पेनानं मेथी खोडत गेलो, मावशींनी नाड्याला दुसरी गाठ मारून तांदुळज्याची पिशवी ओळखायची खूण केली. टेम्पो निघायला उशीर झाला, दिवे घाटात ट्रक बंद पडलेला, पिशव्या दुपारनंतर पोहोचल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

काकू सहज बोलून गेलेला ‘जमा’ हा शब्द मात्र मी उचलला. शीटमध्ये त्या नावाचा रकाना केला. मेथी मिळाली नाही, वजन कमी भरलं, सीताफळ सडकं निघालं, की रक्कम जमेत. पुढच्या बिलातून आपोआप वजा. वाण्याकडे खातं असतं त्याच्या उलटं, इथं गिऱ्हाइकाचं येणं शेतकऱ्याकडे. परताव्याचे फोन जवळपास बंद झाले. पावसाळ्यात फॉर्मवर आता मेथी, कोथिंबीर, पालक असे वेगळे पर्याय नाहीत. ‘पालेभाजी, असेल ती’ असा एकच आहे आणि खाली ‘ही चालणार नाही’ म्हणून खूण करायची सोय. फॉर्म उघडण्याआधी काकू रानात चक्कर मारतात आणि फोनवर वाफे सांगतात, त्याचे किलो मी करतो. त्या अंदाज हटकून कमी सांगतात. ते मला समजतं, आणि मी वाढवत नाही.

मुलाच्या डोक्यातून वेबसाइट गेली आहे, आता अंजिरं शिरलीत. मिठ्या बहाराची फळं उन्हाळ्याच्या तोंडाला येतील, ती मुंबईला कुरिअरनं पाठवायची म्हणतो. पिकलेल्या अंजिराला बोट लागलं तरी डाग पडतो, आणि कुरिअरवाला खोकं कसं टाकतो ते मी केंद्राच्या दारात रोज बघतो. काकू म्हणाल्या, आधी एक खोकं तुझ्या मुलुंडच्या मावशीला पाठव. ती तोंडावर सांगेल.