तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या यंत्रातून आवाज का ऐकू येत नाही?

मुलांच्या दप्तराला अडकवायचे एक छोटे यंत्र आम्ही नागपुरात तयार करतो. मूल कुठे आहे हे त्यावरून आईवडिलांच्या फोनवर कळते, ते शाळेत किंवा शिकवणीला पोहोचले अथवा तिथून निघाले की निरोप येतो, आणि यंत्रावरचे बटण दाबून मुलाला मदत मागता येते. एवढे सांगून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आणि आवाज? तिकडे काय बोलणे चालले आहे ते ऐकू येते का?" येत नाही, असे म्हटले की समोरच्याचा उत्साह ओसरतो, कारण मुलांसाठीच्या याहून स्वस्त स्मार्ट घड्याळांत ती सोय मिळते हे त्याने पाहिलेले असते. खर्च वाढतो म्हणून नाही का, तंत्र जमले नाही म्हणून नाही का, की कायदा आड येतो, असे अनेकांनी विचारले आहे. तिन्हींत थोडेथोडे तथ्य आहे, परंतु मूळ कारण वेगळे आहे आणि ते दोन वाक्यांत सांगता येत नसल्यामुळे हे सविस्तर लिहिते आहे.

या कामात येण्यापूर्वी मी मालट्रकांना बसवायची यंत्रे करत असे. वाडीच्या बाजूला वाहतूकदारांची एवढी दाटी आहे की नागपुरात त्या कामाला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नाही. ट्रकमालकाला गाडी कुठे आहे, किती वेळ उभी होती आणि डिझेल किती जळाले एवढेच हवे असते. दप्तराचे यंत्र हे सुरुवातीला त्याच यंत्राचे लहान रूप होते: उपग्रहांचे संकेत घेणारी चिप, एक सिम आणि एक बॅटरी. पण पाळत ठेवली म्हणून ट्रक आपली चाल बदलत नाही (चालक बदलतो, आणि यंत्राची तार नेमकी कुठून काढायची हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते, हा भाग वेगळा). मूल मात्र बदलते.

मानेवाड्याकडच्या एका घरात आमचे यंत्र चाचणीसाठी दिलेले होते. तिथल्या आईने त्याच्या जोडीला बाजारातले ऐकण्याची सोय असलेले घड्याळही घेतले होते, आणि त्याबद्दल मुलीला काही सांगितले नव्हते. मुलगी आठवीतली. एका रात्री जेवताना, मुलीने मैत्रिणीजवळ एका शिक्षिकेविषयी काढलेले उद्गार आईच्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले. मुलगी काही बोलली नाही. त्यानंतर नकाशावर सगळे फार शिस्तीत दिसू लागले: वेळेवर शिकवणी, वेळेवर परत. प्रत्यक्षात घड्याळ आणि यंत्र दोन्ही एका मैत्रिणीच्या दप्तरातून शिकवणीला जात होते आणि ही मुलगी तेवढा वेळ दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी गच्चीवर बसून असे. ती कोणत्याही संकटात नव्हती. पण असती, तर बटण तिच्याजवळ नव्हते आणि आई नकाशा पाहून निश्चिंत होती.

आमच्या यंत्रात आवाज नाही याचे मूळ कारण हे आहे. यंत्राचा उपयोग व्हायचा तर ते गरजेच्या क्षणी मुलाच्या अंगाशी असले पाहिजे, आणि ते तसे राहावे की नाही हे शेवटी मूलच ठरवते. चार्जिंगला लावणारेही बहुतेक घरांत तेच असते. जे यंत्र आपली चुगली करते असे मुलाला वाटते, ते दप्तराच्या तळाशी, बाकाखाली किंवा दुसऱ्याच्या खिशात जाते. म्हणजे ऐकण्याची सोय ही सुरक्षिततेत पडलेली भर नसून, असलेल्या सुरक्षिततेतून केलेली वजाबाकी आहे.

यावर काही पालक म्हणतात की लहान मुलाला कोणी त्रास देत असेल तर तो ऐकूनच कळेल. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणे योग्य नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याखालील बलात्काराच्या प्रकरणांमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे ९० टक्क्यांच्या वर राहिले आहे. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. अशा वेळी नकाशावर मूल अगदी योग्य ठिकाणी दिसते: काकांच्या घरी, शेजारच्या फ्लॅटमध्ये, शिकवणीत. मग ऐकायचे कोणी आणि केव्हा? दिवसभर कानाला फोन लावून कोणतीही आई बसू शकत नाही. सतत ध्वनिमुद्रण करायचे तर एका मुलाचे सगळे बालपण कुठल्यातरी सर्व्हरवर साठत राहते. आणि त्याहून अडचणीची गोष्ट अशी की त्रास देणारी व्यक्ती घरातलीच असेल तर ॲप पुष्कळदा तिच्याच फोनमध्ये असते; मुलाने कोणाजवळ तोंड उघडले की नाही हे सर्वांत आधी तिलाच कळेल. अशा मुलाला १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक माहीत असणे आणि बोलल्यावर आपल्याला कोणी रागावणार नाही याची खात्री असणे, याची जागा आमचे यंत्र घेऊ शकत नाही, आणि घेते असे मी पालकसभेत सांगत नाही.

परदेशात हा वाद आपल्या आधी होऊन गेला आहे. जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ऐकण्याची सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली आणि घेतलेली घड्याळे नष्ट करा, असे पालकांना सांगितले. त्यांच्या तपासात आढळलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: पालक त्या घड्याळांतून वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांचे बोलणे ऐकत होते. त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने काही घड्याळे तपासली, तेव्हा त्यांतल्या काहींचा ताबा परक्या माणसाला घेता येतो आणि मूल कुठे आहे हे त्याला पाहता येते, असे निघाले. ज्या परक्याच्या भीतीने घड्याळ विकत घ्यायचे, त्यालाच त्या घड्याळातून वाट मिळत होती.

आपल्याकडच्या कायद्याविषयी थोडक्यात सांगते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला; नऊ न्यायमूर्तींच्या त्या पीठात आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते, आणि कंपन्यांनी मुलांचा माग काढणे किंवा त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणे मुळातच वर्ज्य आहे. मुलांबाबतची बंधने मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. २०२५ च्या नियमांनी मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याचे चालू ठिकाण पाहण्याला सूट दिली आहे, पण ती ठिकाणापुरतीच आहे. आमच्यासारख्या छोट्या उद्योगाने त्या सुटीत ऐकणे, वाचणे आणि सवयींचा अभ्यास कोंबून बसवणे हे आगीशी खेळणे होय.

आता विक्रीबद्दल, कारण तुमच्यातल्या काही उद्योजक मंडळींनी खास तेच विचारले आहे. गुंतवणूकदारांपुढे हे सगळे मांडणे सोपे नसते. एका बैठकीत मला सरळ सल्ला मिळाला होता की ठिकाण दाखवायचे ते स्वस्त योजनेत आणि आवाज ऐकवायचा तो महागड्या योजनेत, पैसा त्यातच आहे. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर हरवलेल्या मुलाची बातमी लावा, असेही सुचवले गेले. मी ती लावत नाही. यामागे सज्जनपणापेक्षा हिशेब अधिक आहे. भीतीने यंत्र एकदा खपते, परंतु आमचे उत्पन्न दरमहाच्या वर्गणीवर चालते, आणि भीती महिन्या-दोन महिन्यांत निवते. वर्गणी टिकते ती ज्या घरांत यंत्र मुलालाही सोयीचे वाटते तिथेच. "मी पोहोचलो" असा फोन करावा लागत नाही, शिकवणी उशिरा सुटली तर घरी प्रश्नांची सरबत्ती होत नाही, हे मुलांना आवडते. गुंतवणूकदाराला नीती सांगितली की तो घड्याळाकडे पाहू लागतो. वर्गणी का टिकते हे सांगितले की वही काढतो.

शाळांपुढची मांडणी निराळी असते. तिथे पालकांच्या आधी शिक्षकांना उत्तर द्यावे लागते, कारण आपल्या वर्गात कोणी कान लावून बसावे असे कोणत्याही शिक्षकाला वाटत नाही. त्यासाठी मी पर्समध्ये बारीक पेचकस ठेवते. सभेत सर्वांसमोर यंत्राचे चार स्क्रू काढते आणि आतली हिरवी पट्टी फिरवून दाखवते: ही चिप, हा अँटेना, हे सिम, ही बॅटरी आणि ही थरथरणारी छोटी मोटर. मायक्रोफोन बंद करून ठेवलेला नाही, तो बसवलेलाच नाही. उद्या कोणी आमची प्रणाली फोडली तरी त्याला ऐकायला काही मिळणार नाही. मुलाने बटण दाबले की आईला निरोप जातो आणि तिने तो पाहिला की यंत्र दोनदा थरथरते. निरोप पोहोचला हे मुलाला कळायला तेवढे पुरते. पालकाने मधेच ठिकाण पाहिले तर यंत्रावर हिरवा दिवा लागतो, म्हणजे आपल्याला कोणी पाहिले हे मुलालाही समजते. एका सभेत मागून एक वडील म्हणाले, "मॅडम, मंग याच्यात लपवून काहीच नाही का पाहता येत?" नाही, असे म्हटल्यावर ते उठून गेले. त्यांच्या शेजारी बसलेल्या व्हॅनवाल्या काकांनी मात्र सभा संपल्यावर थांबून यंत्र हातात घेऊन पाहिले. "गाडी कुठं हाय ते पाहा नं जी, त्याले आपली ना नाही. पण मी पोट्ट्यायसंग का बोलतो ते बी ऐकाचं म्हणजे आमी का चोर हाओ का?" त्यांचे म्हणणे मला रास्त वाटले.

ठिकाणाची माहितीसुद्धा निरुपद्रवी नसते, हे मला एका शिकवणी वर्गाच्या चालकाने शिकवले. कोणत्या भागातली मुले कोणत्या वर्गाला जातात याची नावे नसलेली आकडेवारी मिळेल का, किंमत तुम्हीच सांगा, असा निरोप त्याने पाठवला होता. आम्ही सात दिवसांपूर्वीची ठिकाणे पुसून टाकतो ती यासाठीच. जवळ माल असला की आज ना उद्या गिऱ्हाईक दारात येते.

तंत्राच्या मर्यादाही विकतानाच सांगितलेल्या बऱ्या. ठिकाण नीट ठरवायला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात, आणि ते छताखाली क्षीण होतात. गड्डीगोदामला रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहून वर मेट्रो अशी चार मजली रचना आहे. तिच्याखालून व्हॅन गेली की नकाशावरचा ठिपका भलतीकडे उडी मारतो. इमारतीत संकेत मिळाला नाही तर यंत्र मोबाइलच्या टॉवरवरून अंदाज बांधते आणि तो काहीशे मीटरने चुकू शकतो. फुटाळा तलावाजवळ शिकवणीला जाणाऱ्या एका मुलाचा ठिपका असाच तलावाच्या मध्यभागी दिसला होता. त्याच्या आईचा फोन मी घेतला, तेव्हा पलीकडून आधी शब्दच फुटत नव्हते. मुलगा तिसऱ्या मजल्यावर गणिते सोडवत होता. आता अंदाज कच्चा असेल तेव्हा आम्ही ठिपका न दाखवता मोठे फिकट वर्तुळ दाखवतो आणि त्यात "इथे कुठेतरी" असे लिहितो. असे मोघम लिहिणारे यंत्र विकायला अवघड जाते, याची मला कल्पना आहे.

राहिला खर्चाचा आणि बॅटरीचा मुद्दा. आवाजाची सोय जोडली असती तर किंमत फारशी वाढली नसती, बॅटरी मात्र लवकर उतरली असती, आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तापलेल्या व्हॅनमधून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावणे बरे नव्हे. नेहमीच्या लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. पण ही कारणे दुय्यम आहेत.

याच प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न येतो की यंत्र कितव्या वर्षापर्यंत वापरावे. आमच्या करारात वय लिहिलेले नाही, पण दहा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची सही असल्याशिवाय आम्ही यंत्र सुरू करत नाही. कायद्याने तिची गरज नाही, पालकाची संमती पुरते. काही पालकांना हा आगाऊपणा वाटतो आणि ते दुसरीकडे जातात. सही करण्यापूर्वी पुष्कळ मुले ठिकाण रात्रीही दिसते का, असे विचारतात, आणि घरात असताना ते बंद राहते हे मी त्यांना यंत्रावर करून दाखवते.