रविवारची भाकरी

जत, कवठे महांकाळ, माण, खटाव या पट्ट्यात भाकरी हे घाईचं अन्न. रानात जायची वेळ झालेली असते. एक भाकरी परातीत, एक तव्यावर, एक आराला लावलेली. इकडचीच मंडळी जर्मनीत गेली की तीच भाकरी सावकाशीची होते, आणि बहुतेकांना ती तशीच आवडायला लागते.

कारण तिथला रविवार. रविवारच्या विश्रांतीला तिथे राज्यघटनेचंच संरक्षण आहे. १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं कलम १९४९च्या घटनेत कायम ठेवलं गेलं. पेट्रोल पंप, स्टेशनातली दुकानं, सकाळची बेकरी सोडली तर बाजार बंद. वस्तीत गवत कापायचं यंत्रही लावायचं नाही. नव्या माणसाला आधी वैताग येतो. मग शनिवारीच मीठ-तेल बघून ठेवायची सवय लागते आणि रविवारची दुपार अख्खी हाताशी उरते. पाव तिथे उत्तम मिळतो, पण खर्ड्याशी पाव खाणारा माणदेशी अजून जन्माला यायचाय.

खरी अडचण पिठाची. ज्वारीत ग्लूटेन नाही, आणि दुकानातलं पीठ कधी दळलंय कोण जाणे. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेलं पीठ थापताना कडेला फाटतं, उचलताना मोडतं. अंकुरातल्या तेलामुळे ते कडूही होतं, म्हणून पाकीट फोडलं की घट्ट डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावं. वापरायच्या आधी बंद डबाच तासभर बाहेर काढावा. गार पीठ लगेच उघडलं तर दमट होतं.

अशा पिठाला उकडच हवी. वाटीभर पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ घालायचं, गॅस बंद करून सव्वा वाटी पीठ ढवळायचं आणि दहा मिनिटं झाकायचं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो, विरीची उणीव तोच भरून काढतो. मग तळहाताच्या टाचेनं पाच मिनिटं रगडून मळायचं. इथे आळस केला की पुढचं सगळं फसतं. गोळा एकेकाच भाकरीचा मळून घ्यावा. ठेवून दिला की तो सुकतो.

तवा सपाट बुडाचाच लागतो, घरून नेलेला खोलगट तवा काचेच्या शेगडीवर डुगडुगतो. लोखंडी तवा मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तापू द्यावा, एकदम मोठ्या आचेवर तो वाकतो. भाकरी पिठाची बाजू वर ठेवून टाकायची, लगेच ओल्या हातानं पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की वरचा पदर तडकतो, मग वाफ कोंडत नाही आणि पापुद्रा सुटत नाही. आर नसल्यामुळे शेवटी फडक्यानं कडा हलक्या दाबत फिरवावी लागते.

आणि प्रत्येक भाकरीनंतर तव्यावरचं सुकं पीठ कोरड्या फडक्यानं पुसावं. ते जळून धूर झाला की छतावरचा अलार्म कोकलतो, आणि शांततेच्या रविवारी अख्ख्या इमारतीला कळतं की वरच्या मजल्यावर ज्वारी आहे.

पिठल्याबरोबर दोन संपतात. उरलेल्या सोमवारी कुस्करून, कांदा-मिरचीच्या फोडणीत, ऑफिसच्या डब्यात.