तान्ह्या पोळ्याची तारीख

अडलेल्या गायीत हात घातला की डोळ्यांचा उपयोग संपतो. खांद्यापर्यंत हात आत, गाल गायीच्या पुठ्ठ्याला टेकलेला, आणि जे काय बघायचं ते बोटांनी. वासराचे पुढचे दोन्ही पाय वाटेत आले होते, डोकं मात्र मागे, डाव्या बरगडीकडे वळलेलं होतं. अशा वेळी मानेवरून हात सरकवत कानापर्यंत जायचं, अंगठा आणि मधलं बोट डोळ्यांच्या दोन खोबणींत रुतवायचं, वासराला आत लोटायचं आणि दोन कळांच्या मधल्या उसंतीत डोकं वाटेवर आणायचं. ही पकड माझ्या हाताला इतकी सवयीची आहे की बोटं आपोआप जागेवर जातात.

त्या रात्री अंगठ्याला खोबण सापडली. मधल्या बोटाला सापडेना. कपाळभर बोट फिरवलं. खोबण एकच होती, मधोमध, आणि तिच्या वर सोंडेसारखं काहीतरी लोंबत होतं. हात तसाच आत ठेवून मी काही क्षण थांबलो.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, तेलंगणाच्या सीमेलगतचं हे गाव. गायीची मालकीण एक साठीच्या काकू. जूनच्या शेवटी त्या पहिल्यांदा दवाखान्यात आल्या होत्या. "डाक्तरसाहेब, दिवस भरून वर गेले, गाय काही जनून नाही राहिली."

"कधी भरवली होती काकू?"

"तान्ह्या पोळ्याले. नातवाचा लाकडी बैल सजवून राहिली होती मी, तवाच आला थो भरवणारा पोरगा."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, पोरांच्या लाकडी बैलांचा. संकरित गाय, गाभणपणाच्या 280 दिवसांचा हिशोब. मी म्हणालो, "तुमचा एक माज चुकला असेल. गाय उलटली असेल, परत माजावर आल्यावर 21 दिवसांनी पुन्हा भरवली असेल." चार माणसं बसलेली होती, त्यांच्यादेखत म्हणालो. काकू एवढंच बोलल्या, "माह्याकून दिवस नाही चुकत." आठवड्याने परत आल्या. परत तेच सांगून मी त्यांना पाठवलं.

असं का केलं तेही सांगतो. आमच्याकडे कृत्रिम रेतनाच्या नोंदींवर विश्वास ठेवायची सोय उरलेली नाही. मोटारसायकलवर गोठवलेल्या रेताचा नायट्रोजन कॅन बांधून फिरणारी मुलं कष्टाळू आहेत, उन्हापावसात जातात, पण तारीख महिनाअखेरीस एका बैठकीत लिहितात आणि वळूच्या नंबराच्या रकान्यात आडवी रेघ ओढतात. वरून विचारणा होते ती आकड्यांची, किती गायी भरवल्या याची. त्यामुळे तारीख मालकाने सांगितली काय आणि वहीत असली काय, एक माज इकडेतिकडे धरायचाच, ही माझी खोड झाली आहे. काकूंची तारीख मी त्या खोडीपायी मोडीत काढली.

जुलैच्या मध्यावर, सगळा गाव डवरणीला गेलेला असताना, मी स्वतः त्यांच्या गोठ्यावर गेलो. त्यांच्या हिशोबाने तो 302 वा दिवस होता. माझा 21 दिवसांचा सुधारित हिशोबही संपला होता. कास उतरलेली नव्हती. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंचे बंध व्यायच्या आधी ढिले पडतात, ते दोरीसारखे ताणलेले होते. गाय निवांत रवंथ करत होती, तिच्या अंगाला व्यायची खबरच नव्हती. आत वासरू जिवंत होतं. कळा आणणारं डेक्सामेथासोन टोचलं आणि सांगितलं, दोन-तीन दिवसांत व्यायला लागेल. तिसऱ्या रात्री फोन आला.

डोळ्यांची पकड जमणार नव्हती म्हणून खालच्या जबड्यात दोरीचा फास घातला, तळहाताने नाकाडाची बाजू झाकत डोकं फिरवलं. नाक तिथं नव्हतंच. वासरू लहान होतं, केस विरळ. बाहेर आल्यावर तोंडाने तीन-चार आचके दिले आणि संपलं. गाय सुखरूप राहिली.

उजाडेपर्यंत अंगण भरलं. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी नारळ, आणि हातोहाती मोबाइल. मेलेल्या वासराच्या तोंडावर विजेरीचे झोत टाकून व्हिडिओ काढणाऱ्या माणसांची मला मनापासून चीड येते. काकूंनी वासरावर पोतं टाकलं आणि म्हणाल्या, "तमाशा नोका लावू. जा घरी." मग मला विचारलं, "कायनं झालं?"

त्यांच्या परवानगीने मी वाड्याच्या मागे डोकं उघडलं. पुढचा मेंदू दोन अर्धांत वाटला गेला नव्हता, एकच पिशवी. त्याच्या खाली पिट्यूटरी ग्रंथी शोधली. ग्रंथी नव्हती, ती बसते तो हाडातला खळगाही नव्हता. तिथं मला काकूंची तारीख आठवली आणि कानशिलं तापली.

व्यायची वेळ गाय ठरवत नाही, वासरू ठरवतं. त्याची पिट्यूटरी त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला चेतवते, तिथून कॉर्टिसॉल सुटतं, आणि त्याने आईच्या शरीरातली संप्रेरकं पालटून कळा सुरू होतात. या वासराकडे ते निरोप पाठवायचं साधनच नव्हतं. मी टोचलेलं डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, म्हणजे त्याच्या वतीने दिलेला निरोप. अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरांत मेंढ्या अशीच एकडोळी कोकरं देत आणि त्यांचेही दिवस उलटून जात. 1950 च्या दशकापासून शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला. गाभण मेंढीने 14 व्या दिवसाच्या सुमारास तिथली एक रानवनस्पती खाल्ली की हे घडे. तिच्यातल्या विषाला नाव पडलं सायक्लोपामाइन. ते विष नेमकं काय अडवतं हे 1998 मध्ये उलगडलं: सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकाचा संदेश.

हेजहॉग हे नाव माशीवरून आलं. 1980 मध्ये नुसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस या शास्त्रज्ञांनी फळमाशीत एक बिघडलेलं जनुक ओळखलं, ज्यामुळे अळीच्या अंगावर हेजहॉग या छोट्या काटेरी प्राण्यासारखे काटे दाट उगवत. 1995 चं नोबेल त्या दोघांना आणि एड लुइस यांना मिळालं. पाण्यातल्या माशांपासून माणसापर्यंत, कणा असलेल्या सगळ्यांत त्याच घराण्यातलं सॉनिक हेजहॉग काम करतं. मी कॉलेजात शिकलो तेव्हा एकडोळं वासरू म्हणजे दोन डोळे चिकटलेलं, असं मनात बसलं होतं. खरं उलट आहे. सुरुवातीला प्रत्येक गर्भात डोळ्यांचं क्षेत्र एकच असतं, मधोमध. त्याच्या खालच्या पेशींकडून सॉनिक हेजहॉगचा संदेश येतो, मधल्या पट्टीत डोळा बनवणारं पॅक्स-6 जनुक दबतं, आणि एकाचे दोन होतात. तुमचे-माझेही असेच झाले. संदेश पोचला नाही तर एकच राहतो. गायीत हे साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास चालतं. गाय उलटते का हे बघायला आपण 21 वा दिवस मोजत असतो, तेव्हा.

मला अजून सोडत नाही ती दुसरी गोष्ट. वासराचे पाय मी चारही तपासले होते. खूर नीट दुभंगलेले, सांधे मोकळे. पायाची बोटं ठरवणाराही हाच सॉनिक हेजहॉग. 1996 मध्ये उंदरातून हे जनुक पूर्ण काढून पाहिलं, तेव्हा पिल्लं एकडोळी तर झालीच, पायांची टोकंही धड बनली नाहीत. आणि गायीचं दोन बोटांचं खूर उत्क्रांतीत आलं ते याच संदेशाचं वाचन बदलून: तो संदेश झेलणाऱ्या पॅच्ड-1 जनुकाचं नियंत्रण गायीच्या पायात बदललेलं आहे, असं 2014 मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे त्या गोठ्यात खूर दुभंगलं होतं आणि डोळा दुभंगला नव्हता. जनुक सबंध मेलेलं नव्हतं. डोक्यात, त्या थोड्या दिवसांत, काहीतरी अडलं. चाऱ्यातलं काही असेल, त्याच वाटेवरचं दुसरं जनुक असेल. दुसरं जनुक असेल तर ते वळूकडूनही आलेलं असू शकतं, आणि एका वळूच्या रेताच्या कांड्या हजारो गायींना जातात.

काकूंना मी यातलं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ग्रहण नाही, करणी नाही, तुमचं काही चुकलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे माहा दिवस बरोबर होता."

"बरोबर होता काकू. माझं चुकलं."

पुढच्या वेळी गाय कोणत्या वळूने भरवायची नाही, हे सांगायला मला नंबर हवा होता. भरवणाऱ्या मुलाला फोन केला. वहीत आडवी रेघ. मी सामान आवरत होतो तेव्हा काकूंचा नातू आतून लाकडी बैल घेऊन आला. तान्ह्या पोळ्याला त्याने रेतनाची रिकामी रंगीत कांडी बैलाच्या पाठीवर झेंड्यासारखी रोवली होती. ती अजून तिथंच होती. वळूच्या नंबराचे पहिले आकडे वाचता आले, पुढचे बैलाला लावलेल्या ऑइलपेंटखाली गेले होते.

पोराने ती काढून दिली. स्पिरिटने रंग निघेल, पण त्याबरोबर छापील शाईही जाईल, म्हणून मी बोळा लावलेला नाही. कांडी माझ्या टेबलाच्या खणात, औषधाच्या रिकाम्या डबीत आहे.