एम.ए.च्या प्रकल्पांसाठी एआय-वापराचे नियम ठरवताना

गेल्या वर्षी एम.ए. इतिहासाच्या संशोधन प्रकल्पांचे समन्वयन माझ्याकडे आले आणि त्याबरोबरच आणखी एक काम आले. विद्यार्थ्यांनी चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखी साधने प्रकल्पात कुठे वापरावीत, कुठे वापरू नयेत आणि वापरली तर त्याची नोंद कशी करावी, याचे नियम विभागाला लिहून काढायचे होते. मी परळ भागातल्या, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात शिकवते. चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या प्रकल्पांची भाषा झपाट्याने गुळगुळीत होत गेली, तरी त्याबद्दल काय करायचे हे कागदावर कुठेच नव्हते. प्रत्येक मार्गदर्शक आपापल्या परीने निर्णय घेत होता, आणि एकाच वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांना दोन वेगळे न्याय मिळत होते.

विभागाच्या पहिल्या बैठकीत बहुतेकांचे मत असे होते की वापरावर सरसकट बंदी घालावी आणि प्रकल्प सॉफ्टवेअरमधून तपासून घ्यावेत. या मतामागची काळजी खरी होती, त्यामुळे ते नुसते खोडून काढणे मला योग्य वाटले नाही. त्यातला प्रत्येक मुद्दा तपासायचे आम्ही ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाशिवाय सोडले जाते आणि त्यापुढे साम्याच्या प्रमाणानुसार कारवाईच्या पायऱ्या आहेत. परंतु साम्य मोजणारे सॉफ्टवेअर आधी अस्तित्वात असलेल्या मजकुराशी तुलना करते. एआयने लिहिलेला परिच्छेद त्या क्षणी नव्याने तयार झालेला असतो, त्यामुळे तो या चाळणीतून सहज पार होऊ शकतो. म्हणजे साम्याचा अहवाल स्वच्छ आला एवढ्यावरून लेखन विद्यार्थ्याचेच आहे असे म्हणता येत नाही.

एआयचा मजकूर ओळखून देण्याचा दावा करणारी साधने वेगळी, आणि त्यांची अवस्था अधिक चिंताजनक निघाली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन दिले होते. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखू शकले आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने चुकीचा शिक्का मारला. अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. त्याहून महत्त्वाचा वाटला तो स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांचा २०२३ चा अभ्यास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निबंध त्यांनी अशा सात साधनांना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले गेले. कारण समजून घेण्यासारखे आहे. पुढचा शब्द सहज अंदाज करता येईल असा असेल, वाक्ये साधी आणि शब्दसंग्रह मर्यादित असेल, तर ही साधने तो मजकूर यंत्राचा मानतात. लालबाग, दिवा किंवा नालासोपाऱ्याहून येणारी, मराठी माध्यमातून शिकलेली आमची मुले इंग्रजीत प्रकल्प लिहितात तेव्हा नेमके असेच लिहितात. स्वतः कष्टाने लिहिलेल्या पानांसाठी त्यांना खुलासा द्यावा लागला असता. हे आकडे समोर ठेवल्यावर बैठकीतला सूर बदलला, आणि अशा साधनाच्या निष्कर्षावरून कोणाही विद्यार्थ्यावर कारवाई करायची नाही, हे आमच्या मसुद्यातले पहिले वाक्य ठरले.

बंदीचा प्रश्न मात्र लांबला. मला बंदी नको होती आणि त्याचे कारण मी स्पष्टपणे मांडले. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, ज्यांना मसुदा वाचून दाखवायला मोठा भाऊ किंवा बहीण नाही, त्यांच्यासाठी ही साधने रात्री अकरा वाजता उपलब्ध असणारी भाषेची मदत आहे. कठीण इंग्रजी लेखातला युक्तिवाद सोप्या शब्दांत समजून घेणे, आपल्या परिच्छेदातील व्याकरण तपासणे, मुलाखतीच्या प्रश्नावलीतला एखादा राहिलेला मुद्दा शोधणे, या गोष्टी मला गैर वाटत नाहीत. पुरावा शोधणे, तो तोलणे आणि त्यावरून निष्कर्ष काढणे हे काम मात्र विद्यार्थ्याचेच आहे, कारण पदवी त्यासाठीच दिली जाते. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आणि संशोधनातील जनरेटिव्ह, म्हणजे नवा मजकूर तयार करणाऱ्या, एआयविषयी जी मार्गदर्शिका काढली, तिचा भरही निर्णय माणसाच्या हाती राहण्यावरच आहे. अखेर आम्ही असे लिहिले की एआय हे लेखक नाही, त्यामुळे ते कशाचीही जबाबदारी घेऊ शकत नाही, आणि प्रकल्पातील प्रत्येक वाक्याला विद्यार्थीच उत्तरदायी आहे. त्यासोबत एक पानी निवेदन जोडायचे ठरले. कोणते साधन, कोणत्या टप्प्यावर, कशासाठी वापरले आणि त्यातून आलेले काय ठेवले वा टाकले, हे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहायचे. वापर केला म्हणून गुण कापले जाणार नाहीत, हेही आम्ही त्यातच छापले. ते छापले नसते तर खरी निवेदने आली असती असे मला वाटत नाही.

नियम नुसते वाचून दाखवण्याऐवजी वर्गात एक सराव घेतला. १९८२ च्या गिरणी संपाची कारणे, मागण्या आणि शेवट संदर्भांसह सांग, असा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या फोनवर विचारला. १८ जानेवारी १९८२ ही तारीख आणि डॉ. दत्ता सामंत यांचे नेतृत्व बहुतेक उत्तरांत बरोबर होते. वेतनवाढीची मागणीही होती. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ रद्द करावा ही मागणी मात्र अनेक उत्तरांतून गळली होती. या कायद्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच मान्यताप्राप्त संघटना ठरत होती, आणि त्यावाचून हा संप कळतच नाही. काही उत्तरांनी तर संप मागे घेतल्याची ठाम तारीखही दिली. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही, हे गिरणगावात वाढलेल्या मुलांना घरी ऐकून ठाऊक होते, आणि आक्षेप पहिल्यांदा घेतला तो त्यांनीच.

संदर्भसूचीकडे मी अधिक वेळ दिला. लेखक खरा, प्रकाशनसंस्था खरी, पण त्या लेखकाने तसे पुस्तक लिहिलेलेच नाही, अशा नोंदी निघाल्या. विद्यार्थ्यांना मी त्या दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात शोधायला पाठवले. पुस्तके न मिळाल्यावर परत येऊन त्यांनीच कारण विचारले, आणि तेव्हा समजावणे सोपे गेले. या साधनांमागची भाषा-प्रारूपे (लँग्वेज मॉडेल) प्रचंड मजकुरातील रचना शिकून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे ते ठरवतात. संदर्भ कसा दिसतो हे त्यांना चांगले जमते, पण तो संदर्भ ग्रंथालयात आहे की नाही याची पडताळणी त्या क्रियेत अंतर्भूत नसते. इंटरनेटवर शोधून दुवे देणारी साधने थोडी बरी, तरी दुवा उघडल्यावर त्या पानावर तो मजकूरच नसल्याचेही आम्ही पाहिले. त्यामुळे जो संदर्भ स्वतः हातात घेऊन वाचलेला नाही तो सूचीत येणार नाही, हा नियम मुलांनी वाद न घालता मान्य केला.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांसाठी. आमचे बरेच विद्यार्थी निवृत्त गिरणी कामगारांच्या मुलाखती घेतात. त्यात कर्ज, घरातली भांडणे, संपकाळात कोणी कोणाला फसवले, अशा गोष्टी नावानिशी येतात. ही माणसे त्या गोष्टी समोर बसलेल्या मुलीला किंवा मुलाला विश्वासाने सांगतात. तेच ध्वनिमुद्रण किंवा त्याचा मजकूर बाहेरच्या सेवेत टाकला की तो आपल्या ताब्यात राहत नाही. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यांवरील संभाषणे, सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला नाही तर, प्रारूपांच्या पुढील प्रशिक्षणासाठी वापरली जाऊ शकतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण कायदा नसता तरी माझे मत हेच असते. आमच्या जुन्या संमतिपत्रात ‘शैक्षणिक कामासाठी’ एवढेच शब्द होते. त्यात आम्ही स्वतंत्र ओळ घातली की मुलाखत देणाऱ्याच्या वेगळ्या संमतीशिवाय मुलाखतीचा कोणताही भाग बाहेरच्या एआय सेवेला दिला जाणार नाही, आणि ती ओळ विद्यार्थ्याने मुलाखतीपूर्वी मोठ्याने वाचून दाखवावी असे ठरवले.

एका विद्यार्थिनीने रास्त अडचण मांडली. तासाभराचे ध्वनिमुद्रण ऐकून उतरवायला कित्येक तास लागतात आणि ती दिवसा नोकरी करते. संगणकशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी व्हिस्पर हे बोलणे मजकुरात उतरवणारे खुले प्रारूप विभागाच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालवून दिले. ते मराठी उतरवते, पण कोकणी वळणाची बोली, चाळीतला गोंगाट आणि एकाच वेळी बोलणारी दोन माणसे आली की चुकते, आणि शांततेच्या जागी कधी कधी न उच्चारलेली वाक्येही घालते. तेव्हा यंत्राने उतरवलेली प्रत हा फक्त कच्चा खर्डा मानायचा आणि विद्यार्थ्याने पूर्ण ध्वनिमुद्रण ऐकून ती दुरुस्त करायची, अशी अट घातली. वेळ वाचला, अर्थात तिला वाटला होता तितका नाही.

शिक्षकांसाठीही नियम केले, आणि त्यावर थोडी कुरकुर झाली. विद्यार्थ्यांचे मसुदे गुण ठरवण्यासाठी किंवा अभिप्राय तयार करण्यासाठी बाहेरच्या साधनात टाकायचे नाहीत. सरावाचे प्रश्न वा टाचणे तयार करताना एआय वापरले तर वर्गात तसे सांगायचे. विद्यार्थ्यांकडून प्रकटीकरण मागायचे आणि स्वतः मात्र गप्प राहायचे, हे मला पटण्यासारखे नव्हते.

मूल्यमापनात तोंडी परीक्षेचे वजन वाढवले. विद्यार्थ्याने टिपणवही, मसुद्याच्या आधीच्या प्रती आणि निवेदन घेऊन यायचे. आम्ही प्रकल्पातले कोणतेही वाक्य दाखवून ‘हे कशावरून?’ एवढेच विचारत होतो. एका विद्यार्थ्याने इंग्रजी जवळजवळ पूर्णपणे एआयकडून सुधारून घेतल्याचे निवेदनात लिहिले होते. त्याने प्रत्येक विधानाचा आधार मराठीत, न अडखळता सांगितला, आणि त्याला उत्तम गुण मिळाले. दुसऱ्या एकाच्या प्रकल्पात चाळींमधल्या खानावळींवर सुंदर प्रकरण होते, पण त्यातील एकाही दाव्याचा उगम त्याला सांगता येईना. एआयचा वापर सिद्ध करण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. आधार नसलेले प्रकरण म्हणून ते परत दिले आणि मुदत वाढवून पुन्हा लिहायला सांगितले. या पद्धतीला वेळ फार लागतो. वर्गात विद्यार्थी थोडे असल्यामुळे आम्हाला ते जमले. बी.ए.च्या भरलेल्या वर्गांना हीच पद्धत जशीच्या तशी लागू करता येईल असे मला वाटत नाही, त्यासाठी वर्गातच हाताने लिहायच्या छोट्या लेखनकामांचा विचार चालू आहे.

मसुदा महाविद्यालयाच्या समितीने किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य केला आहे. एक मुद्दा अजून सुटलेला नाही. पैसे भरून मिळणारी साधने मोफत साधनांपेक्षा सरस आहेत, आणि ती मोजक्याच मुलांना परवडतात. ग्रंथालयातील काही संगणकांवर सर्वांना एकच साधन उपलब्ध करून द्यावे, असा प्रस्ताव मी दिला आहे, आणि त्याच्या खर्चाचा तपशील प्राचार्यांनी मागवला आहे. तो मिळेपर्यंत या वर्षीच्या तुकडीला सांगितले आहे की प्रकल्पातल्या कोणत्याही कामासाठी पैसे भरून घेतलेले साधन आवश्यक ठरणार नाही, आणि मार्गदर्शकांनीही तसे काम देऊ नये.