गुरवाच्या सड्यावरचा भुंगेरा

काल रात्री साडेअकराला सहावा नर भुंगेरा चिरून उघडला. तोही आधीच्या पाचांसारखाच निघाला, तेव्हा माझी खात्री पटली. राजापूरच्या कातळसड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा, हा पाणभुंगेरा नवी जाती आहे.

तो हेलोकॅरिस या प्रजातीतला, जेमतेम ४ मिलिमीटरचा, चहासारखा तपकिरी. वरून पाहिलं तर त्याच्या भाऊबंदांत आणि त्याच्यात फरक सापडत नाही. फरक आहे तो नराच्या जननांगात, आणि ते तिळाएवढंही नसतं. कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, बारीक सुईने बाहेर ओढायचं, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून चित्र काढायचं. मग बेल्जियमचे भुंगेऱ्यांचे अभ्यासक दॉर्शिमाँ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी केलेली वर्णनं काढून एकेक रेघ ताडून बघायची. दोन वर्षं हेच चाललंय. नाव ठरलंय, पण रीतसर छापून येईपर्यंत इथे लिहीत नाही.

मला मात्र जीव लागला तो मादीमुळे. गेल्या ऑगस्टमध्ये चहाच्या गाळणीने डबक्याच्या कडेचं शेवाळ गाळत होते. गाळणीत एक मादी आली, पोटाखाली रेशमी पिशवी धरलेली. पिशवीत अंडी. बशीत सोडली तर डोकं वर करून हवा घ्यायला आली. पाणबुडे भुंगेरे शेपटीकडून हवा घेतात; आपले हे पाणभुंगेरे मिशीने पाण्याचा पापुद्रा फोडतात आणि हवा पोटाखालच्या लवीत साठवतात. त्या हवेने तिची पिशवीसुद्धा चांदीसारखी चमकत होती. मी कितीतरी वेळ तशीच उकिडवी बसून राहिले.

आता होलोटाइपची, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचं नाव बेततात त्याची, लाल चिठ्ठी लिहायची आहे. जुन्या नमुन्यांवर कधी कधी नुसतं प्रांताचं नाव असतं, मग तो किडा पुन्हा शोधायचा कुठे? या सड्याला नकाशात नाव नाही आणि पलीकडे चिरेखाण सरकत येतेय. म्हणून चिठ्ठीवर सड्याचं नाव हवंच. ज्या काकूंनी जागा दाखवली त्यांना आज सकाळी फोन लावला.

"गुरवाचा सडा गो बाय. पण आता कोरडा ठणठणीत. तुझे किडे गेले कुठे?"

म्हटलं, पाणी आटलं की उडून जातात. रात्री दिव्यावरही येतात.

"अगो, म्हणजे आमच्या पडवीत बल्बाखाली पडतात ते हेच काय?"

बल्बाखाली काय काय पडतं ते बघायलाच हवं. पहिला पाऊस झाला की पांढरी चादर घेऊन काकूंच्या पडवीत मुक्काम.