पापण्यांचं ऑपरेशन: निपाणीहून बेळगावला

वरच्या पापणीची कातडी सैल होऊन केसांवर टेकली की माणूस दिवसभर भुवया वर ओढून बघायला लागतो. संध्याकाळी कपाळ ठणकतं, आणि हे कशानं होतंय ते लवकर कळतही नाही. माझं तसंच चाललं होतं. शिवाय प्रत्येक फोटोत मी झोपेतून उठवल्यासारखी दिसायची, तेही मला नको होतं. साठीच्या बाईनं असं म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मी बेळगावला जाऊन जास्तीची कातडी काढायचं ऑपरेशन करून घेतलं.

निपाणीहून संकेश्वर, हत्तरगी करत बेळगाव साधारण पंचाहत्तर किलोमीटर. बसनं दोन तास धरा. वायव्य कर्नाटक परिवहनच्या साध्या बसला कर्नाटकातल्या बायकांना तिकीट नाही, पण आधारवर पत्ता इकडचाच लागतो. लग्नाला तीस वर्षं होऊनही ज्यांच्या आधारवर अजून माहेरचं कोल्हापूर आहे, त्यांनी पैसे काढून ठेवावेत.

डॉक्टर निवडताना एवढंच विचारा: पापण्यांच्या शस्त्रक्रियेचं खास शिक्षण झालंय का, आणि अशी ऑपरेशनं नेहमी करता का? पहिली फेरी नुसती तपासणीची असते, आणि माझ्या मते खरं महत्त्व तिलाच आहे. पापणी कातडीमुळे लोंबते की ती उचलणारा स्नायू ढिला पडलाय, हे तिथं ठरतं. स्नायूचा दोष असेल तर नुसती कातडी कापून उपयोग नाही, ते ऑपरेशनच वेगळं. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत पाणी किती येतं ते बघतात, कारण कोरडे डोळे ऑपरेशननंतर जास्त त्रास देतात. पापणी आड येऊन वरचं दिसत नसेल तर नजरेच्या कक्षेची तपासणी आणि फोटो मागून घ्या. निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला विमा पैसे देत नाही. वैद्यकीय गरज आहे असं कागदावर आलं तरच विचारायला जागा राहते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. हार्टच्या डॉक्टरांकडून लिहून आणायचं. बीपी ताब्यात हवं. निपाणीची म्हटल्यावर मला तर आधी मशेरीचंच विचारलं. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा ओढणाऱ्यांनी आणि लावणाऱ्यांनी दोघांनीही आधीपासून सोडावी. संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. डॉक्टर मराठीत समजावतात, तरी वाचणारं माणूस बरोबर असू दे.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच. बसवून पेनानं खुणा करतात, भुलीची सुई चांगली झोंबते, मग ओढल्यासारखं वाटतं पण दुखत नाही. रक्त थांबवताना जळका वास येतो, घाबरू नका. टाका पापणीच्या घडीतच बसतो. बाहेर बसलेली एक मावशी म्हणत होती, "काढायचीच हाय तर जरा जास्त काढा म्हणावं, परत यायला नको." नेमकं तेच चालत नाही. कातडी जास्त गेली तर डोळा मिटत नाही. डोळ्याखालच्या पिशव्यांचं काम निराळं, तिथं पापणी खाली ओढली जायचा धोका असतो. दोन्ही एकदम करायचं का, ते नीट विचारून ठरवा.

त्याच दिवशी सोडतात, पण रात्र बेळगावातच काढा. एकतर वंटमुरी घाटात मळमळलं आणि ओकारी झाली तर डोळ्यांवर ताण येतो. दुसरं म्हणजे पहिल्या चोवीस तासांत क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होतो. एका डोळ्यात अचानक जोरात कळ, डोळा बाहेर आल्यासारखा, नजर अंधुक होत चाललेली, असं काही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. नजर जाऊ शकते.

पुढचे दोन आठवडे मात्र बाईमाणसाची परीक्षा. दोन दिवस थंड पट्ट्या, बर्फ थेट लावायचा नाही. झोपताना डोकं उंच. वाकायचं नाही, म्हणजे घागर नाही, केर नाही, खाली बसून भाकरी थापणं नाही. जाऊ किंवा सून आधीच सांगून ठेवा. मलमामुळे धूसर दिसतं, रात्री डोळा किंचित उघडा राहतो, डोळे पाझरतात. टाके पाच ते सात दिवसांत निघतात. काळंनिळं गालापर्यंत उतरतं. भाजीवालीनं मला विचारलं, "काय वो बाई, पडलासा काय?" आणि माझ्या नवऱ्याकडे बघत राहिली. ते बिचारे त्या आठवड्यात बाजारात यायला तयार नव्हते.

दोन्ही डोळे तंतोतंत सारखे होत नाहीत, आधीही नव्हते. वण फिका व्हायला काही महिने जातात, तोवर उन्हात गॉगल. घरचं लग्न किंवा गुलालाची यात्रा महिन्याभरात असेल तर तारीख पुढं ढकला. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला, म्हणजे तिथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं ते दिवसही टाळा. लॉज मिळत नाहीत, रस्त्यावर बंदोबस्त असतो आणि सीमाप्रश्न तापला की कोल्हापूरकडच्या बसेस निपाणीच्या पुढं येत नाहीत. टाके काढायची तारीख त्यात सापडली तर पंचाईत.