आराखडा, खेळाडू की अंमलबजावणी?

‘आपल्याकडे खेळाडूच नाहीत, तिथे प्रशिक्षक तरी काय करणार?’ अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल असे म्हणाला आणि ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

२०२१ मध्ये हा संघ १२ पैकी ९ सामने हरला, पण त्यांतला एकही ९ पेक्षा अधिक गुणांनी नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाविरुद्ध २०-१३ अशी आघाडी असताना आपला पंट (चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्यांकडे टोलवणे) ठरल्यापेक्षा उलट्या बाजूला गेला, आपले खेळाडू दुसरीकडेच धावले आणि मोकळ्या सापडलेल्या मैदानातून त्यांच्या जेडन रीडने चेंडू घेऊन ६२ यार्डांची धाव घेऊन बरोबरी साधली. जादा वेळेत सामनाही गेला.

इतक्या थोडक्यात हरणाऱ्या संघात गुणवत्ता नव्हती, हे मला पटत नाही. आखलेली चाल अकराही जणांच्या अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेणे, हे काम नक्की कोणाचे?